ओठांना बसलेलं वाक्य

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेले दोघे आत शिरले आणि दार लागता लागता त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "उठना तो है ही यार, पहले ठीक से बैठ तो लें." दोघंही उभे होते, बसण्या-उठण्याचा तिथे काडीचा संबंध नव्हता, तरी एकमेकांना खांदे मारून हसले. कोपऱ्यात ती आणि तिचा नवरा. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी नवऱ्याच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, त्याला धड काही दिसत नव्हतं म्हणून ती सोबत आली होती. ऐकू मात्र त्याला नीट येत होतं. तिला आधी आनंदच झाला. इतकी वर्षं ती अमेरिकन सिनेमांना हिंदी संवाद लिहून देत होती, पण आपलं वाक्य असं चालत्या-बोलत्या माणसाच्या तोंडी तिने कधी ऐकलं नव्हतं. अहो, हे मी लिहिलंय, असं अगदी जिभेवर आलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. औषधांची पिशवी छातीशी धरून तो त्या दोघांच्या दिशेने बघत होता. लिफ्ट खाली पोचली, ते दोघे निघून गेले. "सांभाळून, पायरी आहे," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला. टॅक्सीत खिडकीकडे तोंड करून बसला, घरी आल्यावर दिवा लावू नकोस एवढंच म्हणाला, आणि तिला कळून चुकलं की त्याने वाक्य ओळखलंय. ते तिचं नव्हतंच. ते हत्तीचं होतं.

हत्ती म्हणजे नवऱ्याचा मित्र. अंगाने काडी, नोकरी सरकारी, काम दुकानोदुकानी फिरून वजनकाटे तपासायचं. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून हत्ती त्याला कवळ्या म्हणायचा. दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की हत्ती यायचा, बेल न वाजवता, स्वतःच्याच घरात शिरल्यासारखा, फ्रिजमधली बाटली काढून तोंड लावून पाणी प्यायचा आणि सरळ बाल्कनीत. तिथे दोन खुर्च्या होत्या. तिसरी मावली असती, पण ती कधी कुणी ठेवली नाही. दिवेलागणीपर्यंत दोघं बसायचे. काय बोलायचे? काही नाही. तेच तर तिला सहन व्हायचं नाही. पैशाअडक्याचं, राजकारणाचं, निदान बायकांच्या तक्रारींचं बोलले असते तर तिने समजून घेतलं असतं, पुरुष आहेत, बोलतात. पण हत्ती म्हणायचा, "कवळ्या, माणसाचे गुडघे उलटे वळत असते तर खुर्च्यांचं काय झालं असतं रे?" आणि तिचा नवरा, जो तिला गॅस संपलाय, वायरमन येऊन गेला का, आईच्या गोळ्या आणल्यास का यापलीकडे वाक्य देत नसे, तो बराच वेळ विचार करून म्हणायचा, "भिंतीकडे तोंड करून बसलो असतो." मग तो हसायचा. त्या हसण्याच्या शेवटी एक चिरका आवाज निघायचा, पोरासोरांचा निघतो तसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो चिरका आवाज तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

तिला सवतच होती म्हणायची, फक्त मिशीवाली. हे ती एकदा आपल्या बहिणीला बोलून गेली तेव्हा बहीण हसत सुटली, म्हणाली, "अगं, बाहेर कुठे जात नाही, पीत नाही, घरात बसून मित्राशी बोलतो, तुझं कशाला पोटात दुखतंय?" दुखत होतं खरं. नवरा चांगला होता, याबद्दल वादच नाही. तिच्या कपाळावर हात ठेवून ताप बघायचा, पगार झाला की आधी तिला सांगायचा, आजवर आवाज चढवून बोलला नव्हता. पण ती समोर आली की तो कामाला लागायचा, बोलण्याच्या कामाला. तिला त्याची निकामी बाजू हवी होती. जी त्याने कुणासाठी राखलेली नव्हती, पण जी पडून पडून हत्तीच्याच मालकीची झाली होती, ती.

आणि नेमके अशा बाईकडे ते सिनेमे आले. खोकल्याच्या औषधानेही जिला गुंगी येते, तिच्याकडे गांजेकसांचे विनोदी सिनेमे. त्याआधी ती पोलिसांच्या मालिका लिहायची, प्राण्यांचे माहितीपट लिहायची, एका कार्टूनमधल्या बदकाला तिने भाषा दिली होती. काम तेच: आवाज बंद करून चित्र बघायचं, तिकडच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्याकडेही तिथे प, ब किंवा म आणायचा, तोंड उघडं राहिलं की आ. पण पहिला गांजाचा सिनेमा तिने जसा होता तसा लिहिला आणि वाचून दाखवला, तेव्हा रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडे बसलेला आवाजी कलाकार जांभई देऊ लागला. डायरेक्टरबाई चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या, "यांना चढलीय एवढं कळलं. पण मला का नाही चढत?" सिनेमात काही घडतच नव्हतं. एक जाड्या आणि एक दाढीवाला, शेजारणीकडून आणलेली खुर्ची परत द्यायला निघतात आणि सिनेमा संपेस्तोवर पोचत नाहीत. वाटेत भूक लागते, गाडी सापडत नाही, मग खुर्चीच सापडत नाही. "हे आपल्याकडे कोण बघणार?" असं तिने विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "सगळे. घरात माणसं मावत नाहीत, जो तो येता-जाता म्हणतो, ऊठ, काहीतरी कर. आणि इथे दोन घोडे सोफ्यावर पडलेत आणि त्यांना ऊठ म्हणणारं कुणी नाही. गांजा कुणाला हवाय? लोकांना तो सोफा हवाय, शेजारी बसणारा रिकामटेकडा हवाय. त्यांना बोलू दे ना आपल्या माणसांसारखं." त्या रविवारी ती घरी मूक चित्रासमोर बसली. जाड्याचे ओठ हलले, मिटले, उघडे राहिले. बाजूच्या आपल्याच बाल्कनीतून, उघड्या खिडकीतून हत्तीचा आवाज आला, "एक किलो म्हणजे किती, हे मला आताशा कळेनासंच झालंय." आणि तिच्या डोळ्यांदेखत ते वाक्य जाड्याच्या तोंडात जाऊन बसलं. थोडं इकडे तिकडे करावं लागलं, पण बसलं.

त्यानंतर रविवारी तिची खिडकी उघडीच असायची. ती ऐकायची, आणि ऐकताना तिला दोन गोष्टी एकदमच व्हायच्या. काम फत्ते होत असल्याचा आनंद, आणि छातीत कुणी चिमटा काढावा तसा जळफळाट. दिवसभर ती नवऱ्याला दाढीवाल्याच्या आवाजात ऐकायची. त्याचं "हो का?" दाढीवाल्याला दिलं, त्याचं अर्धवट सोडून द्यायचं वाक्य दिलं, फोन वाजत असताना हा माझाच असेल कशावरून असं त्याने म्हटलेलं दिलं. सिनेमा चालला. लोक इंटरनेटवर त्याच्याखाली लिहायचे, हे दोघं आमच्याच गल्लीतले वाटतात, अमेरिकेत चुकून जन्मले. दुसरा भाग आला, तो त्याहून चालला. बाई पेढे वाटावेत तशा तिचं कौतुक वाटत सुटल्या. ती कौतुक घ्यायची आणि मनात म्हणायची, घ्या, तुम्हीही घ्या माझा नवरा. मला मिळत नाही तो सगळ्या हिंदी मुलखाला मिळू दे. हत्तीला एकट्यालाच का म्हणून? यात सूड होता हे तिला माहीत होतं, आणि तो गोड लागत होता हेही.

पण 'बैठ तो लें'ची गोष्ट वेगळी होती, आणि ती वापरायला नको होती, हे तिला लिहितानाच ठाऊक होतं. सासरे गेले त्या दिवसाची ती गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, नवरा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला टेकलेला, धड बसलेला नाही, धड उभा नाही. जो येई तो सांगे, ऊठ बाबा, आता तुलाच बघायला हवं. तिनेही सांगितलं होतं, शहाण्या बायकोने सांगावं तसं, "ऊठ, दोन घास खा, मग बाहेर बस." तो हललाच नाही. मग हत्ती आला. चपला न काढता आत गेला, त्याच्या शेजारी बसला, बसून मागे सरकला, पाठ भिंतीला लावली आणि म्हणाला, "उठायचं तर आहेच. आधी नीट बसून तर घेऊ." पाण्याचा ग्लास हातात घेऊन ती दारातच होती. नवरा हसला. वडील जाऊन पुरता दिवस झाला नव्हता आणि तो हसला, शेवटी तो चिरका आवाज निघाला, आणि त्या आवाजातूनच रडणं फुटलं. हत्तीच्या खांद्यावर, त्याच्या त्या वजनकाट्यांच्या पिशवीवर डोकं ठेवून तो रडला. ती ग्लास घेऊन परत गेली. पाणी मोरीत ओतलं. सासऱ्यांवर तिचा जीव होता, पण त्या क्षणी तिला सासऱ्यांचं दुःख नव्हतं. हे रडणं माझं होतं, असं तिला वाटत होतं, हे माझ्या खांद्यावर व्हायचं होतं. आणि दुसऱ्या भागात जाड्याला सोफ्यावरून उठवायला घरमालक येतो, जाड्याचे ओठ चार वेळा हलतात, तिथे तिच्या हाताने ते वाक्य लिहिलं. इतकं चपखल बसलं की कलाकाराला दुसऱ्यांदा म्हणावंही लागलं नाही. काचेपलीकडे सगळे हसून लोटपोट झाले. ती हसणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली.

लिफ्टनंतरचे दिवस सरळ गेले. तो कामावर जात होता, येत होता, गॅसचं विचारत होता. भांडला असता तर बरं. तिने दोनदा सुरुवात केली. एकदा म्हणाली, "त्या दिवशी लिफ्टमध्ये..." तो म्हणाला, "डोळ्यांचं आता बरं आहे." आतल्या खोलीतल्या त्याच्या आईला ऐकू जाईल म्हणून असेल, किंवा ऐकायचंच नसेल म्हणून. मग तिला भीती वाटू लागली ती वेगळीच. हत्तीला कळणार. नवरा सांगेल, किंवा हत्ती सिनेमा बघेल आणि आपलं वाक्य ऐकेल. चिडेल, यायचं बंद करेल. त्याने यायचं बंद करावं असं ती किती वर्षं मनात धरून होती, आणि आता ते होऊ घातलं तर तिलाच ते नको होतं. कारण हत्ती गेला तर नवऱ्याची ती बाजूच जाईल, मग कान लावायलाही काही उरणार नाही.

रविवारी हत्ती आला. बाटलीला तोंड लावून पाणी प्याला, बाल्कनीत गेला, आणि नवऱ्याने मागून बाल्कनीचं काचेचं दार लावून घेतलं. आजवर ते कधी लागलं नव्हतं. रुळात धूळ साचली होती, दोनदा हिसके द्यावे लागले. ती आपल्या टेबलाशी बसली आणि काचेतून त्यांच्याकडे बघू लागली. दोघांचे ओठ हलत होते. हत्तीचे जास्त, नवऱ्याचे कमी. तिला सवयच होती मुक्या माणसांच्या तोंडात शब्द घालायची, पण इथे एकही बसेना. मग तिने चहा केला, जास्त साखर घालून, आणि कोपराने काच वाजवली.

हत्तीनेच दार सरकवलं. "या वहिनी, बरं झालं आलात. तुम्हाला सांगायचंच होतं. परवा आम्ही सगळ्यांनी बसून तुमचा सिनेमा बघितला. दोन्ही भाग. बायको, मेहुणा, सगळे. मेहुणा तर जमिनीवर लोळला." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ट्रे कठड्यावर ठेवला. हत्ती चहाचा कप उचलून सांगतच होता, "काय बोलतो तो जाड्या, वा. तो घरमालक आल्यावर काय म्हणतो बघा, पहले ठीक से बैठ तो लें. म्हणजे बघा, घर सुटायची पाळी आलीय माणसाची, आणि त्याला आधी नीट बसायचंय. मी बायकोला म्हटलं, असं बोलायला अमेरिकेतच जन्माला यावं लागतं. आपल्याला नाही सुचायचं." त्याने चहाचा घोट घेतला आणि कपाने नवऱ्याकडे खूण केली. "असा मित्र पाहिजे माणसाला. आणि आमच्याकडे बघा. याचं तोंड बघा. आल्यापासून दोन वाक्यं बोललाय."

तिला हसू आलं. हत्तीच्या तोंडावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. तो आपलंच वाक्य दुसऱ्याच्या ताटात बघून हेवा करत होता. तिने आता नवऱ्याकडे पाहिलं. तोही तिच्याचकडे बघत होता. सांगू नकोस, असं त्याच्या नजरेत स्पष्ट होतं. आणि एक क्षणभर तिच्या अंगावरून सुखाची लाट गेली, कारण आता तिच्यात आणि नवऱ्यात असं काहीतरी होतं जे हत्तीला ठाऊक नव्हतं, आणि खुर्चीत बसलेला हत्ती बाहेरचा होता. "हो," ती म्हणाली, "लिहिणाऱ्यांचं डोकं चालतं तिकडे." "मग हो," हत्ती म्हणाला. पुढे तो उलट्या छत्रीबद्दल काहीतरी सांगू लागला, नवऱ्याने "हो का?" म्हटलं, पण ते दाढीवाल्याचं "हो का?" झालं. नवऱ्यालाही ते ऐकू आलं असावं, तो मध्येच थांबला. हत्ती दिवे लागायच्या आधीच उठला. दारात म्हणाला, "वहिनी, याला डॉक्टरला दाखवा पुन्हा. डोळे नाही, घसा."

नवरा बाल्कनीतच बसून होता. ती हत्तीच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची अजून ऊबदार होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी झटकत होतं. नुसतं त्याच्याशेजारी बसायला तिला बरं वाटत होतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं. मग तो म्हणाला, "त्याला आठवत नाही."

"कसं आठवेल? तो दिवसभर तसलंच बोलतो."

"मला आठवतं ना. तो काय काय बोललाय ते सगळं मला आठवतं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आणि ते वाक्य तर... मला वाटायचं त्यालाही आठवत असेल. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, पण मला वाटायचं, आहे, दोघांकडे आहे. तो तर सहज बोलून गेला होता गं. त्याच्याकडे काहीच नाही त्यातलं."

"मी वापरायला नको होतं."

"तू वापरलंस त्याचं नाही एवढं. पण तू वापरलं नसतंस तर हे मला कळलं नसतं." एवढं बोलून त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. आवाज नेहमीचाच होता, ताप बघतानाचा. तिला वाटलं त्याच्या खांद्याला हात लावावा, खुर्ची थोडी जवळ ओढावी. पण तिच्या मनात काय आलं, तर त्याचं हे वाक्य ओठांना छान बसेल. तिने ते झटकलं आणि तिला स्वतःची किळस आली. तो म्हणाला, "यापुढे मी त्याच्याकडेच जात जाईन. इथे मला नीट बोलता येणार नाही आता. राग नाहीये. फक्त मी काय बोलतोय ते मला ऐकू येत राहील."

म्हणजे तरीही जाणार. ज्याला काही आठवत नाही त्याच्याकडे. तिला सगळं आठवत होतं, त्याच्या प्रत्येक निकामी वाक्याचा सूर, श्वास, कुठे तो थांबला, तिने तर ते पडद्यावर कायमचं करून ठेवलं होतं, आणि तो मात्र विसरणाऱ्याकडे जाणार होता. कदाचित विसरतो म्हणूनच. हे तिला रात्रभर कळत होतं आणि तरी पटत नव्हतं. सोमवारी तिसऱ्या भागाचं काम आलं. बाईंनी निरोप ठेवला, पहिल्या दोन्हींसारखंच हवंय, घरगुती. तिने चित्र लावलं. दोघं सोफ्यावर पडले होते, तोंडं हलत होती. ती नुसती बघत राहिली.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तो तयार झाला. इस्त्रीचा शर्ट घातला, आईला गोळी दिली आणि दाराशी स्टुलावर बसून बूट घालू लागला. ती भिंतीला टेकून उभी होती. त्याने एक नाडी बांधली, दुसऱ्या पायाकडे वाकला, आणि तिच्या तोंडून काही न ठरवता निघून गेलं, "बुटांना कुणी सांगतं का रे आज रविवार आहे ते? बिचाऱ्यांना वाटत असेल कामावरच निघालोत."

नाडीवरचे त्याचे हात थांबले. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि हसला, मोठ्या मनाने, चांगल्या नवऱ्याने हसावं तसा.

"छान आहे," तो म्हणाला. "लिहून ठेव."

मग त्याने नाडी बांधली आणि दार ओढून घेऊन तो जिना उतरू लागला.